जळणारे लोखंड, वितळणारे लोखंड

पुणे-नाशिक महामार्गाने मंचर मागे टाकून कळंब, नारायणगाव, आळेफाटा असे वर सरकत गेले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना फॅब्रिकेशनची दुकाने दिसत राहतात. कुठे उसाची ट्रॉली कलती करून तिचा साटा बदलणे चालू असते, कुठे कांदाचाळीचे सांगाडे उभे असतात, कुठे द्राक्षबागेच्या मांडवासाठी वाय आकारात जोडलेल्या अँगलची थप्पी लागलेली असते. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी इथे पाणी आणले. पाण्यामागून ऊस, टोमॅटो, द्राक्षे आली आणि त्यांच्यामागून ही दुकाने आली. बागायती जसजशी वाढते तसतसे शेतातले लोखंडही वाढते. त्यात या भागाची आणखी एक गरज आहे. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे आणि आंबेगाव आणि जुन्नर या दोन्ही तालुक्यांत बिबट्या पकडायचे पिंजरे लागतात. गज, पत्रा आणि वरून धाडकन पडणारे दार असलेला तो पिंजराही अशाच कारागिरांच्या हातून तयार होतो.

या सगळ्या कामात लोकांच्या नजरेत भरते ते वेल्डिंग. माझे मत असे की शिकाऊ मुलाच्या हातात कटिंग टॉर्च आधी द्यावी, वेल्डिंगचा होल्डर नंतर. काप वाकडा असेल तर जोडात फट राहते, ती भरायला रॉड जास्त जातो, जास्त उष्णतेने काम वेडेवाकडे ओढले जाते आणि शेवटी ग्राइंडर घेऊन तास-दीड तास घासत बसावे लागते. शिवाय धातू तापल्यावर कसा वागतो, हे कटिंगइतके उघडपणे दुसरे कोणतेच काम दाखवत नाही.

अँगल, पाइप, गज कापायला चॉप-सॉ पुरतो आणि तिथे तोच वापरावा. पण १२ किंवा १६ मिलिमीटर जाडीच्या प्लेटमधून ट्रॉलीच्या हुकाची गोलाई काढायची असेल, खांबाखालच्या प्लेटला बोल्टची भोके पाडायची असतील, गंजून जाम झालेला नटबोल्ट उडवायचा असेल, तर चकती हरते. मग दोनच वाटा उरतात, गॅस आणि प्लाझ्मा. दोन्हींत ठिणग्या उडतात, दोन्हींत प्लेटचे दोन तुकडे होतात, म्हणून नवख्याला त्या एकाच जातीच्या वाटतात. आतून मात्र त्या अगदी वेगळ्या आहेत. गॅस लोखंडाला जाळतो, प्लाझ्मा त्याला वितळवतो. एवढा फरक नीट उमगला की पुढचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात.

आधी गॅस पाहू. टॉर्चच्या टोकाशी निळ्या ज्वाळांचे कडे दिसते आणि वाटते की हीच आग प्लेट कापते. ती कापत नाही. तिचे काम फक्त तापवण्याचे. साधे पोलाद, म्हणजे दुकानात ज्याला एमएस म्हणतात ते, सुमारे ८७० ते ९०० अंश सेल्सिअसला लालभडक होते. त्या क्षणी कारागीर टॉर्चची दांडी दाबतो आणि ज्वाळांच्या मधल्या छिद्रातून शुद्ध ऑक्सिजनचा बारीक झोत सुटतो. या तापमानाला लोखंड ऑक्सिजनमध्ये चक्क पेट घेते. लालबुंद निखाऱ्यावर फुंकणीने फुंकर घातली की निखारा भडकतो, तेच इथे घडते. फक्त इथे सरपण म्हणजे खुद्द प्लेट असते. जळलेल्या लोखंडाचा ऑक्साइड होतो, त्यातून भरपूर उष्णता निघते, ती खालच्या थराला तापवते, तो थर पेटतो आणि आग प्लेटच्या तळापर्यंत पोचते. लोखंड वितळते १५३८ अंशांना. त्याचा ऑक्साइड त्याच्या बराच आधी, १३७० अंशांच्या आसपास, पातळ होतो आणि झोताबरोबर खाली वाहून जातो. मागे उरते ती अरुंद फट.

आता यातून काय काय निघते ते पाहा. ज्योतीचे काम नुसते तापवण्याचे असेल, तर ती फार प्रखर असण्याची गरज उरत नाही. ऑक्सिजन-अॅसिटिलीनची ज्योत ३१०० अंशांच्या पुढे जाते, एलपीजीची २८०० च्या घरात राहते. तरीही गावाकडच्या बहुतेक दुकानांत कटिंग एलपीजीवर चालते आणि ते चांगले चालते. सुरुवातीला प्लेट लाल व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, एवढेच. खरी कापणी ऑक्सिजन करतो, म्हणून त्याच्या शुद्धतेवर सगळे अवलंबून असते. कटिंगचा ऑक्सिजन ९९.५ टक्के शुद्ध लागतो. शुद्धता एका टक्क्याने घसरली तर कापण्याचा वेग सुमारे पाव हिश्शाने कमी होतो. आणि गंज, रंग, चिखल यांचा थर असेल तर झोत लोखंडापर्यंत धड पोचत नाही. म्हणून खुणा करण्याआधी तारेचा ब्रश मारायचा तो दिखाव्यासाठी नव्हे.

यातूनच हेही कळते की काही धातू गॅसने का कापले जात नाहीत. स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियम असते. त्याचा ऑक्साइड २४०० अंशांच्या आसपास वितळतो, तर खालचे स्टील १४५० च्या आतच पाणी होते. वर न वितळणारे कवच, खाली पातळ धातू, अशाने फट पडतच नाही, नुसता लगदा होतो. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि त्याचा ऑक्साइड २००० च्या पुढे. बिडाचे लोखंड पेट घेण्याआधीच वितळायला लागते, त्यात ग्राफाइटही असते. म्हणून मोटारपंपाचे फुटके केसिंग गॅसने कापायला गेले की कडा कुरतडल्यासारख्या निघतात. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांचा सांगाडा पोलादी नळ्यांचा आणि त्यावर ताणलेली जाळी स्टेनलेस तारेची. दोन्हींना आपण लोखंडच म्हणतो, पण कटिंग टॉर्चपुढे त्यांची जात वेगळी ठरते.

ही विद्या फार जुनी नाही. कॅल्शियम कार्बाइड स्वस्तात बनवण्याची रीत अमेरिकेत थॉमस विल्सन यांना १८९२ मध्ये सापडली आणि त्यापासून अॅसिटिलीन मुबलक मिळू लागला. ऑक्सिजनबरोबर त्याची ज्योत किती प्रखर होते हे १८९५ मध्ये फ्रान्सच्या ल शातेलिए यांनी दाखवले. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात टॉर्च कारखान्यांत पोचली.

प्रत्यक्ष कामाला बसताना सिलिंडरपासून सुरुवात करावी. आपल्याकडे ऑक्सिजनचा सिलिंडर काळा आणि अॅसिटिलीनचा मरून रंगाचा असतो. ऑक्सिजनच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १५० किलोचा दाब असतो आणि नेहमीच्या मोठ्या सिलिंडरमध्ये ७ घनमीटर वायू मावतो. ऑक्सिजनचे आटे उजवे असतात, जळणाऱ्या वायूचे डावे, आणि डाव्या आट्याच्या नटवर खाचा पाडलेल्या असतात. अंधारातही बोटांना कळावे आणि चुकून अदलाबदल होऊ नये, म्हणून ही व्यवस्था. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला, रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस लावायचे नाही, तेलकट हाताने शिवायचेसुद्धा नाही. दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला ठिणगीवाचून पेटवू शकतो. ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये, जिथे सगळ्यांचे हात ग्रीसने माखलेले असतात, तिथे हा नियम विशेष जपावा लागतो. अॅसिटिलीनचा सिलिंडर आडवा ठेवून वापरायचा नाही, कारण आत तो वायू अॅसिटोनमध्ये विरघळवलेला असतो आणि आडव्या सिलिंडरमधून अॅसिटोन नळीत उतरते. अॅसिटिलीनचा नळीतला दाब एक किलोच्या वर न्यायचा नाही. त्यापुढे तो स्वतःहून फुटू शकतो. दोन्ही नळ्यांना आग उलटी मागे जाऊ न देणारे फ्लॅशबॅक अरेस्टर हवेत. इथल्या दुकानांत जी एक वस्तू सर्रास गहाळ दिसते ती हीच, आणि माझ्या मते तिच्यावाचून दुकान उघडू नये.

नोजल प्लेटच्या जाडीप्रमाणे बदलतो. ३ ते ६ मिलिमीटरला ०.८ चे छिद्र, ६ ते १९ मिलिमीटरला १.२ चे, आणि त्यासाठी ऑक्सिजनचा दाब साधारण दीड ते दोन किलो. दाब वाढवला की काम लवकर होते, हा गैरसमज जवळजवळ प्रत्येक शिकाऊ मुलाच्या मनात असतो. जादा दाबाने झोत पसरतो, फट रुंद होते आणि वरच्या कडेखाली खोलगट चर पडतो.

खुणा नुसत्या खडूने केल्या तर त्या ज्योतीत उडून जातात, म्हणून रेषेवर पंचाचे ठिपके मारत जायचे. फटीत दोन-तीन मिलिमीटर लोखंड जळून जाणार, तेवढे माप भंगाराच्या बाजूला धरायचे. सरळ कापासाठी अँगलचा तुकडा क्लॅम्पने बसवून त्याच्या आधाराने टॉर्च न्यायची. सुरुवात कडेवरून करायची. ज्वाळांची आतली निळी टोके प्लेटपासून ३ ते ५ मिलिमीटर वर राहतील असा हात ठेवायचा, कड लाल झाली की दांडी दाबायची, तळातून ठिणग्यांचा धबधबा सरळ खाली पडू लागला की पुढे सरकायचे. ठिणग्या वर उडाल्या तर झोत आरपार गेलेला नाही, तिथेच थांबायचे.

कापलेला तुकडा थंड झाल्यावर पुढचा धडा सुरू होतो, आणि तो टॉर्च हातात असताना मिळत नाही. कापाच्या भिंतीवर उभ्या बारीक रेघा दिसतात. त्या जवळजवळ सरळ उभ्या, तळाशी किंचित मागे झुकलेल्या असतील तर वेग बरोबर होता. रेघा मागे फार कललेल्या असतील तर घाई झाली. वरची कड वितळून गोलावली, भिंतीत खळगे पडले, तर हात रेंगाळला किंवा ज्योत जास्त होती. रेघा मध्येच विस्कटल्या तर नोजलच्या छिद्रात मळ आहे. तळाला चिकटलेला स्लॅग, म्हणजे गोठलेला ऑक्साइड, चिपिंग हॅमरच्या एका टोल्यात निघाला तर सगळे जमले; छिन्नी लावावी लागली तर काहीतरी चुकले. चांगला उस्ताद शिकाऊ मुलाला ओरडत नाही, तुकडा हातात देतो आणि या रेघा दाखवतो. १० किंवा १२ मिलिमीटरच्या भंगार प्लेटमधून एकसारख्या पट्ट्या काढत राहणे हा सगळ्यात चांगला सराव, कारण प्रत्येक पट्टीवर आपल्या हाताची नोंद उमटलेली असते. सरळ काप बसला की वेल्डिंगसाठी ३० ते ३५ अंशांचा तिरपा काप, मग गोल, मग प्लेटच्या मधोमध भोक. भोक पाडताना जागा लाल करून नोजल थोडा उचलायचा, किंचित तिरका धरायचा आणि ऑक्सिजन हळूहळू सोडायचा. नाहीतर वितळलेला माल उलटा उडून नोजल बुजवतो, कधी चेहऱ्यावरही येतो.

प्लाझ्माचा इतिहास गॅस कटिंगहून ताजा आहे. युनियन कार्बाइड कंपनीच्या लिंडे विभागातले रॉबर्ट गेज यांना १९५७ मध्ये त्याचे अमेरिकी पेटंट मिळाले, आणि सुरुवातीला तो वापरला गेला तो गॅसला दाद न देणाऱ्या अॅल्युमिनियम, स्टेनलेससारख्या धातूंवरच. तत्त्व असे: तांब्याच्या बारीक नोजलमधून दाबाखाली हवा सोडायची आणि त्याच नोजलमधून विजेची ठिणगी प्लेटपर्यंत न्यायची. चिंचोळ्या वाटेत कोंडली गेल्यामुळे ती हवा १५,००० ते २०,००० अंशांपर्यंत तापते. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजारांच्या आसपास आहे. एवढ्या उष्णतेपुढे कोणता ऑक्साइड कधी वितळतो हा प्रश्नच उरत नाही. धातू वितळतो आणि हवेचा झोत त्याला उडवून देतो. अट एकच, धातूतून वीज वाहायला हवी. मंचरजवळ अवसरी फाट्याला पराग मिल्क फूड्सचा मोठा दूधप्रकल्प आहे. अशा ठिकाणची टाक्या-नळ्यांची कामे स्टेनलेसची असतात, आणि तिथे गॅस घेऊन जाण्यात अर्थ नाही.

पातळ पत्र्यावर प्लाझ्माचा फायदा डोळ्यांना दिसतो. ३ मिलिमीटरचा पत्रा गॅसने कापला तर तो उष्णतेने पापडासारखा वाकतो. प्लाझ्मा इतक्या झपाट्याने पुढे जातो की उष्णता पसरायला वेळच मिळत नाही. ४० अँपिअरचे छोटे इन्व्हर्टर मशीन १० मिलिमीटरपर्यंत समाधानकारक काम देते. त्यापुढच्या जाडीला मोठे मशीन लागते, आणि २५-३० मिलिमीटरच्या प्लेटवर गावातल्या दुकानाला गॅसच परवडतो.

प्लाझ्मा हाताळणे गॅसपेक्षा सोपे वाटते आणि सुरुवातीला सोपे असतेही. ट्रिगर दाबला की काप सुरू, तापवत बसायचे नाही. पण दोन गोष्टी कोणी सांगितल्याशिवाय कळत नाहीत. पहिली हवेची. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठते, आषाढ-श्रावणात तर फारच, कारण भीमाशंकरच्या बाजूची हवाच ओलसर असते. ते पाणी टॉर्चमध्ये गेले की तांब्याचा नोजल आणि हॅफ्नियमचा ठिपका बसवलेला इलेक्ट्रोड भराभर झिजतात. टाकीचे पाणी रोज सोडायचे आणि टॉर्चच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर लावायचा. दुसरी गोष्ट दिशेची. बहुतेक टॉर्चमध्ये हवा गरगर फिरत बाहेर पडते, त्यामुळे कापाची एक बाजू चौकोनी येते आणि दुसरी तिरपी. नेहमीच्या टॉर्चमध्ये पुढे सरकताना उजव्या हाताची बाजू चांगली येते. म्हणून कामाचा तुकडा उजवीकडे आणि भंगार डावीकडे राहील अशी चाल ठरवायची. बाहेरच्या घेराला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, आतल्या भोकाला उलट. तळाला चिकटलेला मळ इथेही बोलतो. जाड, बुडबुड्यांसारखा आणि सहज निघणारा मळ म्हणजे हात हळू. बारीक, घट्ट चिकटलेली रेघ म्हणजे घाई.

डोळ्यांचे सांगायलाच हवे. गॅस कटिंगला ३ ते ५ नंबरची काच पुरते, प्लाझ्माला अँपिअरप्रमाणे त्याहून गडद लागते, कारण त्यात वेल्डिंगसारखीच अतिनील किरणे असतात. साध्या उन्हाच्या चष्म्याने प्लाझ्मा बघणाऱ्यांचे डोळे रात्री वाळू गेल्यासारखे खुपतात. प्लाझ्माच्या टॉर्चमध्ये विजेचा दाबही वेल्डिंग होल्डरपेक्षा बराच जास्त असतो. म्हणून नोजल बदलताना मशीन बंद हवे, आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून तर हे काम करूच नये.

शेतकरी भागातले धोके शहरी पुस्तकांत नीट येत नाहीत. कीटकनाशकाचे रिकामे पिंप, डिझेलची जुनी टाकी कापून हौद करून द्या, असे गिऱ्हाईक सहज म्हणते. तळाशी चमचाभर डिझेल असले तरी ज्योत लागताच वाफ होऊन बंद टाकी स्फोटासारखी फुटते, आणि कीटकनाशकाचा धूर वेगळाच. असे काम परत पाठवावे. पॉलीहाऊसचे पाइप गॅल्व्हनाइज्ड असतात. त्यांच्यावरचे जस्त ९०७ अंशांना उकळते, पांढरा धूर होतो, आणि तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. तिथे चॉप-सॉ बरा. सिमेंटच्या कोब्यावर प्लेट टेकवून कापली तर कोब्याचे तुकडे उडतात. सगळ्यात वाईट जागा म्हणजे विहीर. पंपाचा अडकलेला पाइप कापायला टॉर्च खाली नेतात. एलपीजी हवेपेक्षा जवळजवळ दुप्पट जड असतो. नळीतून थोडा जरी गळला तरी तळाशी साचून राहतो आणि वर उभ्या माणसाला वास येत नाही. सिलिंडर कधीही खाली न्यायचा नाही, काम थांबले की टॉर्च वर ओढून घ्यायची, वर एक माणूस सतत हवाच, आणि आत कोंदट वाटते म्हणून ऑक्सिजन सोडायचा तर मुळीच नाही. ऑक्सिजनने भिजलेला सदरा एका ठिणगीने भडकतो. विजेचे उपकरण पाण्यात उभे राहून वापरणे तर विचारातच आणू नये. जमत असेल तर पाइप कपीने वर काढून मग कापावा.

शिकायचे कुठे? शासकीय आयटीआयमधला वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड आहे आणि गॅस व प्लाझ्मा कटिंग त्याच्या प्रात्यक्षिकांत येते. दुसरी वाट शेजारच्या शिरूर तालुक्यात आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञाने हिंदुस्थान लिव्हरमधली नोकरी सोडून १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली मुले हाताने काम करून चांगली शिकतात हा त्यांचा विश्वास होता, आणि तिथला ग्रामीण तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम त्याच पायावर उभा आहे. गावाला खरोखर लागणारी वस्तू, खरे माप, खरे गिऱ्हाईक. कटिंगसारखी विद्या अशीच मुरते असे मला वाटते, कारण वापरायच्या प्लेटची कड बिघडली की ती बिघडलेली सगळ्यांना दिसते. तिसरी शाळा साखर कारखान्यांची. निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि पारगावजवळच्या दत्तात्रयनगरचा भीमाशंकर, हे दोन्ही सहकारी कारखाने गाळप संपले की पुढच्या हंगामापर्यंत दुरुस्तीला बसतात. उसाचे कॅरिअर, चाळण्या, झिजलेल्या प्लेटा, जुने पाइप, सगळे उलगडून पुन्हा बसवायचे असते. या काळात चांगल्या गॅस कटरच्या हाताखाली मदतनीस म्हणून राहिलेला मुलगा जाड प्लेट, गंजलेली प्लेट, डोक्यावरची प्लेट, अडचणीतली प्लेट अशा सगळ्या तऱ्हा पाहतो. पुढे चाकण-भोसरीला गेला तर तिथे संगणकावर चालणारी कटिंग मशीन आहेत, पण त्या मशीनवरही वेग, दाब आणि कापाच्या रेघा याच वाचाव्या लागतात.

गावातच दुकान टाकायचे असेल तर पहिली खरेदी गॅसच्या संचाची करावी: चांगली टॉर्च, दोन रेग्युलेटर, दोन अरेस्टर, तीन मापांचे नोजल. गॅसला वीज लागत नाही, शेतात तुटलेल्या ट्रॉलीपर्यंत तो जीपमधून जातो, आणि या दोन तालुक्यांत निम्मी कामे शेताच्या बांधावरच असतात. जळणासाठी व्यावसायिक एलपीजी सिलिंडर घ्यावा, घरगुती सिलिंडर या कामाला वापरणे बेकायदा आहे. पत्र्याची आणि स्टेनलेसची कामे नियमित येऊ लागली की प्लाझ्मा घ्यावा. त्या वेळी मशीनच्या किमतीबरोबर कॉम्प्रेसर, फिल्टर आणि वर्षभराचे नोजल-इलेक्ट्रोड यांचाही हिशेब आधीच धरावा. दुकानाला लाइट किती तास आणि किती दाबाने मिळते हे उन्हाळ्यात, शेतीपंप चालू असताना मोजून पाहावे, कारण कमी व्होल्टेजवर इन्व्हर्टर मशीन अर्ध्या कापातच बंद पडते आणि तो काप पुन्हा जुळवणे नव्याने कापण्यापेक्षा कठीण जाते.